‘नेट स्लो हाय’ म्हणणं आता पुरे!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. माझी रूममेट बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंधार तालुक्यातली, नांदेडच्या हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहते. तिचा प्रोजेक्ट होता मेसची हजेरी. एका कॉम्प्युटरवर मुलीची नोंद करायची, ती नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जाणार, तिथून ‘जमा झाली’ असं उत्तर येणार, मग पुढची नोंद. १५० मुली, १५० नोंदी. खोलीवर तिच्या जुन्या, उबुंटू टाकलेल्या लॅपटॉपवर हे सगळं ६ सेकंदांत व्हायचं. ती खूश, मीही खूश.

प्रॅक्टिकलच्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये तोच प्रोग्राम चालवला. लॅबमध्ये विंडोज ७. बाहेरून आलेले परीक्षक सर मागे उभे. नोंदी अशा सरकत होत्या जणू प्रत्येक मुलगी खरंच ताट घेऊन रांगेत उभी आहे. एकूण वेळ ३० सेकंद. सरांनी विचारलं, “एवढं हळू का?” ही म्हणाली, “सर, नेट स्लो आहे.” सर म्हणाले, “हां, तुमच्या भागात नेटचा प्रॉब्लेमच आहे.” लॅबच्या सरांनीही मान हलवली. परफॉर्मन्सचे मार्क कापले गेले आणि विषय संपला.

रात्री मेसमध्ये ती हे सांगत होती. मी मास कॉमची, मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बातमी लिहिताना आम्हाला एक सवय लावतात: कोण, कुठं, कधी, किती हे विचारल्याशिवाय उठायचं नाही. म्हणून विचारलं, “कुठलं नेट स्लो होतं?” ती गप्प. मग हळूच म्हणाली, “नेट लागतच नव्हतं गं. दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर होते. एकाच स्विचला वायरीनं जोडलेले.”

म्हणजे बघा. इंटरनेटचा संबंधच नव्हता. तरी एका खोलीतल्या तीन शिकल्या-सवरलेल्या माणसांनी एकमतानं इंटरनेटला दोषी ठरवलं. माझं म्हणणं याच सवयीबद्दल आहे. ‘नेट स्लो हाय’ हे आपण निदान समजतो. खरं तर ती फक्त तक्रार आहे, ‘अंगात कणकण आहे’ म्हणण्यासारखी. डॉक्टर तेवढ्यावर गोळी देत नाही, आधी थर्मामीटर लावतो. आपण मात्र थर्मामीटर न लावताच मार्क गमावतो, नवा लॅपटॉप मागतो आणि ‘आपल्याकडं असंच असतं’ म्हणून गप्प बसतो.

एक नाव, दोन आजार

‘स्लो’ या एका शब्दात आपण दोन वेगळे आजार कोंबतो. लातूरच्या वाचकांना हे सांगायला मला परकी उदाहरणं नकोत. एप्रिल २०१६ आठवा. मी सातवीत होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, जलदूत. ११ एप्रिलला निघालेली पहिली गाडी सुमारे ३४० किलोमीटर कापून १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वॅगनच्या गाड्या २५ लाख लिटर आणू लागल्या.

आता हिशोब करा. २५ लाख लिटर, वाटेतले सुमारे १८ तास. म्हणजे सेकंदाला ३८ लिटर. हा ‘स्पीड’ कुठल्याही नळाला लाजवेल. पण मिरजेत सोडलेला पहिला थेंब लातूरला यायला १८ तास लागणारच. किती पाणी येतं ही झाली बँडविड्थ. पहिला थेंब कधी येतो ही झाली लेटन्सी. मोबाइलवर स्पीड टेस्ट करून आपण ‘१०० एमबीपीएस येतंय की’ म्हणतो, तेव्हा आपण लिटर मोजलेले असतात, तास नाही.

आणि तिसरी गंमत वेगळीच. समजा नियम केला की एक गाडी लातूरला पोचल्याचा फोन आल्याशिवाय मिरजेतून दुसरी सोडायची नाही. रूळ मोकळे, पाणी भरपूर, इंजिन तयार, तरी लातूर तहानलेलं. कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच होतं. पोच येण्याआधी किती माल वाटेवर असू द्यायचा, याला मर्यादा असते. तिला ‘विंडो’ म्हणतात. (विंडोज नव्हे, विंडो!) टीसीपीच्या मूळ नियमात ही मर्यादा ६५,५३५ बाइट, म्हणजे सुमारे ६४ केबी. अमेरिकेतल्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला २०० मिलीसेकंद लागत असतील, तर एका कनेक्शनवर सेकंदाला पाचच फेऱ्या. पाच गुणिले ६४ केबी, म्हणजे जेमतेम २.६ एमबीपीएस. तुमचा प्लॅन १०० चा असो की ३०० चा!

यावर उपाय म्हणून विंडो मोठी करण्याची सोय १९९२ मध्येच आली. पण विंडोज एक्सपी सहसा ती आपणहून वापरत नसे. व्हिस्टापासून विंडोज ही मर्यादा स्वतःच कमी-जास्त करू लागलं. लिनक्सही तसं करतं. म्हणून एकाच वायरला, एकाच टेबलावर, एक कॉम्प्युटर पळताना आणि दुसरा रांगताना दिसू शकतो. वायर तीच. वागणूक ऑपरेटिंग सिस्टिमची.

सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही

पण रूममेटचा आजार तिसराच निघाला. तो समजायला नांदेडहून लोह्याला जाणारी काळी-पिवळी आठवा. ड्रायव्हर काय म्हणतो? “बसा, दोन सीट भरले की निघालोच.” आणि आपण अर्धा तास उन्हात.

हाच नियम इंटरनेटमध्ये १९८४ साली आला. अमेरिकेत फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करणाऱ्या जॉन नेगल यांनी एक अडचण मांडली. कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की १ बाइटचा माल आणि त्यावर ४० बाइटचा पत्ता. एका प्रवाशासाठी अख्खी जीप. अशा रिकाम्या जीपांनीच रस्ता तुंबतो. म्हणून त्यांनी ठरवलं: पहिली जीप लगेच सोडा. पुढची मात्र एक तर भरली की सोडा, नाहीतर पहिली पोचल्याची खबर आली की सोडा. नियम शहाणपणाचाच होता. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९८६ मध्ये, अमेरिकेत बर्कलेच्या लॅब आणि विद्यापीठ यांच्यामधला दुवा खरोखरच तुंबला. अंतर फक्त ४०० यार्ड, पण वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. आठशेपट घसरण, तीही चालत पाच मिनिटांच्या अंतरावर.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे लोह्याच्या स्टँडवर, एक कंट्रोलर बसलाय. तोही काटकसरी. जीप पोचली की लगेच फोन लावत नाही. म्हणतो, “थोडं थांबू, परतीचा निरोप काही असला तर त्याच फोनमध्ये सांगू.” याला म्हणतात उशिरा दिलेली पोच, डिलेड ॲक.

आता दोघांना समोरासमोर ठेवा. रूममेटचा प्रोग्राम एक नोंद दोन तुकड्यांत पाठवायचा: आधी रोल नंबर, मग तारीख. रोल नंबर पहिल्या जीपनं गेला. तारीख दुसऱ्या जीपमध्ये, आणि ती जीप पहिलीच्या खबरीसाठी थांबलेली. तिकडे कंट्रोलरकडं अर्धीच नोंद. तारखेशिवाय उत्तर काय देणार? उत्तर नाही म्हणून फोन नाही. फोन नाही म्हणून जीप नाही. दोघंही नियम पाळताहेत आणि दोघंही एकमेकांची वाट बघताहेत. शेवटी कंट्रोलरचा धीर सुटतो, तो नुसतीच पोच देतो आणि गाडी हलते. हे प्रत्येक नोंदीला. १५० वेळा.

कंट्रोलरचा धीर किती वेळानं सुटतो? इथंच ऑपरेटिंग सिस्टिमचा खेळ आहे. नियमात एवढंच म्हटलंय की अर्ध्या सेकंदाच्या आत पोच द्या. नेमकं किती थांबायचं हे ज्यानं-त्यानं ठरवलं. लिनक्समध्ये हा धीर साधारण ४० मिलीसेकंदांचा. विंडोज ७ मध्ये २००.

६ भागिले १५०

हे आम्हाला कळलं कसं? कुठल्याही महागड्या यंत्राशिवाय, भागाकारानं. लॅबमधले ३० सेकंद भागिले १५० नोंदी: ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलीसेकंद. लॅपटॉपवरचे ६ सेकंद भागिले १५०: ४० मिलीसेकंद. मी ते आकडे वहीत लिहिले आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. इतके गोल?

खरंच लाइन खराब असती तर वेळ वेडावाकडा आला असता. कधी १७, कधी ३१०, कधी काहीच नाही. दर वेळी तोच गोल आकडा येतो, तेव्हा रस्ता खराब नसतो, कुणीतरी घड्याळ लावून थांबलेलं असतं. पुढं तिनं वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून तिच्याच प्रोग्रामच्या जीपा येता-जाताना पाहिल्या. प्रत्येक नोंदीत तीच थांबण्याची जागा, पहिल्या तुकड्यानंतर.

दुरुस्ती? रोल नंबर आणि तारीख आधी एकत्र जोडायचं आणि एकदाच पाठवायचं. एक ओळ बदलली. उबुंटूवर एका सेकंदाच्या आत १५० नोंदी. लॅबच्या विंडोजवरही एका सेकंदाच्या आत. (नेगलचा नियमच बंद करणारी ‘टीसीपी नोडिले’ नावाची सेटिंगही असते. पण ती लावून रस्त्यावर रिकाम्या जीपा सोडण्यापेक्षा सगळे प्रवासी एकाच जीपमध्ये बसवणं बरं.)

म्हणजे चूक होती, आणि ती तिच्याच प्रोग्राममध्ये होती. लॅपटॉपवर ६ सेकंद लागत होते तेव्हाही होती, फक्त खपून जात होती. ‘नेट स्लो’ म्हणून सोडून दिलं असतं तर ती पुढं नोकरीतही हाच प्रोग्राम लिहीत राहिली असती.

६ मिलीसेकंदांचा मागासलेपणा

आता त्या परीक्षक सरांच्या वाक्याकडं येते. ‘तुमच्या भागात नेटचा प्रॉब्लेमच आहे.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आपणच ते आधी म्हणतो. पुण्याच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर म्हणतो, “अरे आमच्याकडं नेट नाही बाबा.” मराठवाडा, दुष्काळ, अनुशेष, आणि त्याच यादीत नेट.

चला, तेही मोजू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नांदेड ते मुंबई अंतर धरा ६०० किलोमीटर. जायला ३ मिलीसेकंद, यायला ३. म्हणजे भूगोलानं आपल्यावर लादलेला मागासलेपणा एवढाच: ६ मिलीसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तुमच्या स्क्रीनवर मुंबईच्या सर्व्हरचं पिंग ६० दाखवत असेल, तर उरलेले ५४ भूगोलाचे नाहीत. ते कुठल्या तरी रांगेचे, वळसा घातलेल्या मार्गाचे, हॉस्टेलच्या वायफायचे, किंवा मोबाइल टॉवरवरच्या गर्दीचे आहेत. आणि यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी जबाबदारीची आहे.

माझा मुद्दा लक्षात घ्या. नेट खरंच खराब असतं, हे मी नाकारत नाही. फॉर्मच्या शेवटच्या रात्री सर्व्हर झोपतो, लाइट गेली की टॉवर जातो, हे मीही भोगलंय. पण ‘स्लो हाय’ ही तक्रार कुणीच लिहून घेत नाही. ‘रात्री १० ला राउटरपर्यंत २ मिलीसेकंद, राउटरच्या पुढं ४००, सलग तीन दिवस’ ही तक्रार टाळायला समोरच्याला कष्ट पडतात. २०२३ पासून आपल्या देशात २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. पण तो नियम वापरायचा तर आधी आकडा तुमच्याकडं हवा. जो मोजत नाही, त्याला गप्प करणं सोपं असतं.

थर्मामीटर कसा लावायचा?

यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. मी स्वतः शिकले, म्हणजे कुणालाही जमेल.

पहिलं, तुकडे पाडा. आधी आपल्या राउटरला पिंग करा, मग एखाद्या मोठ्या वेबसाइटला, मग जिथं अडचण आहे त्या सर्व्हरला. वेळ कुठल्या टप्प्यावर उडी मारतो ते बघा. विंडोजवर पिंग चार वेळा विचारून थांबतं, लिनक्सवर तुम्ही थांबवेपर्यंत चालूच राहतं, म्हणून घाबरू नका. आणि काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. ते बंद आहेत असं लगेच समजू नका.

दुसरं, शांत वेळ आणि गर्दीची वेळ वेगवेगळी मोजा. मोठी फाइल अपलोड होताना पिंग २० वरून ८०० वर गेलं, तर रांग बहुतेक तुमच्याच राउटरमध्ये किंवा त्याच्या लगेच पुढं लागलीय. हॉस्टेलवर एका मुलीचा फोन रात्री फोटोंचा बॅकअप घेतो आणि पूर्ण मजल्याचे व्हिडिओ कॉल अडकतात, ते यामुळेच. नवा प्लॅन घेण्याआधी हे एकदा तपासा.

तिसरं, नावानं आणि नंबरानं, दोन्ही पद्धतींनी जोडून बघा. प्रोजेक्टवाल्यांसाठी हे फार कामाचं. आपल्याच कॉम्प्युटरला ‘लोकलहोस्ट’ म्हटलं की विंडोज बरेचदा आधी आयपीव्ही६ चं दार ठोठावतं. तुमचा सर्व्हर फक्त जुन्या आयपीव्ही४ च्या दारात बसला असेल, तर विंडोज बंद दारावर पुन्हा पुन्हा टकटक करून मग इकडं येतं. सेकंद-दोन सेकंद तिथंच जातात. लिनक्स पहिल्या नकारालाच दुसऱ्या दाराकडं वळतं. नावाऐवजी १२७.०.०.१ लिहून बघा. वेळ एकदम कमी झाला तर चोर सापडला.

चौथं, प्रोग्राम बाजूला ठेवून फक्त वायर तपासा. दोन कॉम्प्युटरवर आयपर्फ नावाचं फुकट टूल टाका. ते पूर्ण वेग दाखवत असेल आणि तुमचा प्रोग्राम रांगत असेल, तर वायरीला शिव्या देऊ नका.

पाचवं, दोन ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. विंडोजचं ट्रेसर्ट आणि लिनक्सचं ट्रेसरूट वेगवेगळ्या प्रकारचे निरोप पाठवतात, त्यामुळं एकाच रस्त्यावर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी चांदण्या दिसतात. तेवढ्यावरून ‘लिनक्सच भारी’ किंवा ‘विंडोजच बेकार’ असा निकाल देऊ नका. आणि शेवटी वेळेला कामांच्या संख्येनं भागा. उत्तर गोल आलं तर कुठं तरी घड्याळ शोधा.

कॉलेजवाल्यांनो, एक विनंती

नेटवर्किंगच्या परीक्षेत सात लेयरची नावं पाठ असावी लागतात. जर्नलला आकृती काढली की सही मिळते. पण चालणारा प्रोग्राम मुद्दाम हळू करून मुलांपुढं ठेवायचा आणि ‘सांगा, का हळू आहे?’ असं विचारायचं, हे प्रॅक्टिकल मी कुणाकडूनच ऐकलेलं नाही. त्याला लागणारी टूल्स फुकट आहेत. लॅबमधले जुने विंडोज ७ चे डबे तर याला अगदी योग्य. शेजारी एक उबुंटू ठेवा, फरक समोर दिसेल. ज्या लातूरनं दहावी-बारावीच्या मार्कांचा ‘पॅटर्न’ राज्याला दिला आणि ज्या नांदेडमध्ये विद्यापीठ आहे, तिथं शोधायला शिकवण्याचा पॅटर्न का होऊ नये? व्हायवामध्ये ‘आउटपुट दाखवा’ सोबत ‘हळू का झालं ते शोधून दाखवा’ यालाही मार्क ठेवा ना.

रूममेटचे कापलेले मार्क परत मिळाले नाहीत. निकाल लागला, कागद बंद झाले. पण घरी नव्या लॅपटॉपसाठी पैसे मागायचं तिनं रद्द केलं. तो जुना उबुंटूवालाच आता नीट चालतोय, कारण तो कधी आजारी नव्हताच.

परवा रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून नेहमीसारखी आरोळी आली, “अगं, नेट चालंना झालंय!” मी उत्तर द्यायच्या आत ही पांघरुणातून ओरडली, “कुठपर्यंत चालंना?”

आधी पूर्ण मजला हसला. मग दोघी-तिघी खरंच पिंग करायला बसल्या.